वांग्याच्या वावरातली थाळी

पुणे, ४ नोव्हेंबर २०२४

काकाजी,

हे माझं तिसरं पत्र. पहिली दोन पोचली नाहीत असं तुम्ही म्हणू शकत नाही. एकतीस वर्षं आंजीच्या पोस्टात तुम्हीच बसत होता, आणि आंजीला आलेलं पत्र हरवत नाही हे मी लहानपणापासून तुमच्याच तोंडून ऐकत आलेय. फोन करून पाहिला. तुमच्या कानातलं मशीन शिट्टी मारतं, तुम्ही "कोण? मोठ्यानं बोला" म्हणता, मी ओरडते, शेजारच्या बाई काय झालं म्हणून माझं दार वाजवतात, आणि मग काकू फोन घेऊन "वांगे चांगले हायेत" एवढं सांगून ठेवून देतात. म्हणून पुन्हा कागद.

थोडक्यात परत सांगते. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. १६ फेब्रुवारीला नागपुरात त्यांच्या आठवणीचा कार्यक्रम आहे. हेमराज बारंगे म्हणजे तुमच्याकडे "मुंबईच्या हॉटेलात वाजवायचा तो" एवढीच ओळख असेल. पण चाळीस वर्षं या देशात जॅझ वाजवायला जो कोणी मोठा माणूस आला, तो ड्रमवर हेमराजच पाहिजे म्हणून अडून बसला. त्यांचा शिष्य पीयूष त्या दिवशी बाबांचं वादन जसंच्या तसं वाजवणार आहे. त्यासाठी त्याला बाबांचं मोठं सिंबल हवंय. ड्रमच्या उजव्या हाताला स्टँडवर असायचं ते, बावीस इंची, हातानं ठोकलेलं, काशाचं. बाकीचा सगळा संच माझ्याकडे आहे, तेवढंच नाही. बिल्डिंगचा वॉचमन सांगतो की डिसेंबर २०१९ मध्ये साहेब ते पोत्यात गुंडाळून वर्ध्याच्या गाडीनं गेले.

डिसेंबर २०१९, म्हणजे माझ्या रेकॉर्डिंगमधून उठून गेले तो आठवडा. त्यानंतर त्यांनी स्टिक हातात धरली नाही. का, हे मला शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि ते मी अजून गिळू शकलेले नाही. पण तो विषय वेगळा. सिंबल तुमच्याकडे आहे की नाही, हे कृपा करून एका ओळीत कळवा.

गुंजन

*

आंजी (मोठी), १२ नोव्हेंबर २०२४

गुंजन,

आहे.

एका ओळीत मागितलं, एका ओळीत दिलं. आता उरलेलं. तुझ्या पहिल्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, कारण दोन्हीत चार-चार वेळा "ताबडतोब" लिहिलं होतं. ताबडतोबसाठी तार असायची, ती सरकारनं बंद केली. पत्राला पत्राचा वेळ लागतो.

थाळी आहे, पण आत्ता पाठवता येत नाही. ती वापरात आहे. आमचा वांग्यांचा हंगाम ऐन भरात आहे, रोज एकेका पट्ट्याचा तोडा असतो, माल वर्ध्याच्या बाजारात जातो. यंदा माकडांनी नुसता उच्छाद मांडला आहे. चाळीस-पन्नासची टोळी येते. एक वांगं धड खाऊन संपवतील तर शपथ. प्रत्येकाला एकेक चावा घेऊन फेकतात. थाळी वावरातल्या बोरीला टांगली आहे. माकडं आली की वाजवायची, पळतात. मार्चमध्ये वांगी संपली की खुशाल ने.

आणि काकू वांगे चांगले आहेत म्हणते ते खरंच चांगले आहेत. येणारे-जाणारे पिशवी भरून नेतात. तू आठ वर्षांत एकदाही आली नाहीस.

वासुदेव

*

पुणे, १९ नोव्हेंबर २०२४

काकाजी,

तुमचं पत्र मी आधी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग पीयूषला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ताई, माकडं?"

हो, माकडं! तुम्हाला कल्पना आहे का ती काय वस्तू आहे? बाबांनी ते कधी बडवलं नाही हो. स्टिकचं टोक नुसतं टेकवायचे. मध्यावर एक आवाज, काठाकडे सरकलं की दुसरा, आणि या दोन्हींच्या अधे-मधे इतके आवाज की ते कुठून काढतात हे त्यांच्या शेजारी बसून वाजवणाऱ्यांनाही कळत नसे. त्यांच्या बँडमधले एक म्हातारे सॅक्सोफोनवाले मला म्हणाले होते, "बाकीचे ड्रमर आम्हाला मागून हाकायचे. तुझा बाप आमच्यापुढं रस्ता झाडत चालायचा." तो झाडू म्हणजे ते सिंबल. आणि तुम्ही ते बोरीला टांगलंत!

वाद नको. तुमची अडचण माकडांची आहे ना? मी कुरिअरनं एक यंत्र पाठवतेय. उन्हावर चालतं. दर दहा मिनिटांनी वाघाची डरकाळी आणि कुत्र्यांचं भुंकणं. शेतकऱ्यांसाठीच केलेलं आहे, लोकांनी फार चांगलं लिहिलंय त्याबद्दल. ते बसवा आणि सिंबल खाली उतरवा. पुसू नका, घासू नका, काकूंना चिंच-बिंच लावू देऊ नका. जसं आहे तसं पोत्यात गुंडाळून ठेवा. पीयूष येऊन घेऊन जाईल.

गुंजन

*

आंजी (मोठी), ८ डिसेंबर २०२४

गुंजन,

तुझा वाघ आला. पहिल्या दिवशी माकडं पळाली. काकूही पळाली, पण ते जाऊ दे. दुसऱ्या दिवशी माकडं बांधावर बसून ऐकत राहिली. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातलं एक मोठा हुप्या यंत्रावरच ऊन खात बसला, आणि वाघ त्याच्या बुडाखाली डरकाळ्या फोडत होता. हे मी डोळ्यांनी पाहिलं, कानानं नाही.

पण माकडांचं एक वेळ चाललं असतं. आमच्याकडे तोड्याला दोघी बाया येतात, मनकर्णाबाई आणि शकुंतलाबाई. वीस वर्षांपासून येतात. सध्या कापसाची वेचणी चालू आहे, गावात बाई मिळणं मुश्कील आहे, सगळे पाय धरून नेतात. मनकर्णाबाई चौथ्या दिवशी टोपलं खाली ठेवून मला म्हणाली, "भाऊ, हा वाघ बंद करा, नाईतर आमी चाल्लो कापूस वेचाले." माझ्या कानाजवळ येऊन म्हणाली म्हणून ऐकू आलं. वाघ बंद केला. पार्सलनं परत पाठवतो आहे, पावती सोबत आहे.

मग थाळीच वाजवू म्हणून मी काडी घेऊन बसलो. शकुंतलाबाई दोन ओळी पलीकडून हात हलवत आली. "राहू द्या जी तुमी. तुमच्या वाजवन्यानं आमचा हात उलटा पडून राह्यला." वांगी तोडायला हात उलटा कसा पडतो हे मला कळलं नाही. या बायांचे नखरे फार वाढले आहेत.

तू लिहिलंस की मी थाळी टांगली. मी टांगली नाही. ज्यानं टांगली त्यानं फांदी निवडून, तीनदा सोडून, तीनदा बांधून टांगली. याच्या पुढं मला विचारू नको. आणि एक सांगून ठेवतो, मागाहून माझ्या नावानं ओरडू नको. तिला काठापासून आत दोन बोटं भेग गेली आहे.

वासुदेव

*

पुणे, १७ डिसेंबर २०२४

काकाजी,

भेग! ज्या सिंबलनं साठ वर्षं काढली, विमानानं जग फिरून आलं, त्याला तुमच्या बोरीवर भेग गेली आणि तुम्ही ते वाघाच्या गोष्टीखाली शेवटच्या ओळीत लिहिता. कोणी टांगलं तेही सांगत नाही. एखाद्या सालदाराला वाचवताय का? वाचवा. मला आता कोणाशी भांडायची ताकद नाही. ५ जानेवारीला पीयूष येतोय. भेग असेल तर भेगेसकट घेऊन जाईल.

सोबत कार्यक्रमाच्या पुस्तिकेचा मजकूर पाठवतेय. बाबांचा जन्म, शाळा, आंजी सोडल्याचं साल, एवढं तपासून द्या. बाकीचं मी लिहिलंय. शेवटचा परिच्छेद लिहिताना फार त्रास झाला. बाबांना कमी लेखायचं नाही, पण खोटंही लिहायचं नाही. म्हणून लिहिलं की आयुष्यातली शेवटची चार वर्षं त्यांनी वादनाकडे पाठ फिरवली, आणि त्याचं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

तुम्हाला त्या दिवसाचं कधी सांगितलं नव्हतं, आता सांगते. त्यांचं एकट्याचं असं एकही चांगलं रेकॉर्डिंग नव्हतं. मी दोन वर्षं मागं लागून त्यांना तयार केलं. मुंबईत स्टुडिओ घेतला. ते आत ड्रमपाशी, मी काचेच्या अलीकडे. त्यांनी तीन ठोके वाजवले आणि थांबले. नुसते बसून राहिले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बटण दाबून माइकवर म्हटलं, "बाबा, काय झालं? सगळे खोळंबलेत. वाजवा ना." त्यांनी स्टिक खाली ठेवली, बाहेर आले, म्हणाले, "कंटाळा आला," आणि लिफ्टनं खाली गेले. मी जिन्यात उभी राहून त्यांना नको ते बोलले. अहंकारी म्हटलं, आळशी म्हटलं. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. त्यानंतर आम्ही औषधं आणि गॅस सिलिंडर एवढ्याबद्दलच बोलायचो. ज्या माणसाला दुसरं काहीही येत नव्हतं, त्याला वाजवण्याचाच कंटाळा आला यावर मी विश्वास तरी कसा ठेवू? आणि नाही ठेवला तर काय लिहू?

गुंजन

*

आंजी (मोठी), २७ डिसेंबर २०२४

गुंजन,

तुझी पुस्तिका वाचली. जन्मसाल बरोबर आहे. शाळा बरोबर आहे. शेवटचा परिच्छेद साफ चूक आहे आणि तो तसाच छापलास तर मी नागपूरला येऊन सगळ्या प्रतींतून तो कापून काढीन.

पाठ फिरवली म्हणे. अगं, चार हिवाळे तो माणूस माझ्या वावरात रोज सकाळी वाजवत बसला होता, आणि तूच एकटी अशी आहेस की जिला हे सांगायचं नाही म्हणून माझ्याकडून शपथ घेतली होती. काकूच्या डोक्यावर हात ठेवायला लावून घेतली. आता तुझ्या या एका ओळीपायी मी ती मोडतो आहे. काकूला विचारलं, ती म्हणाली, "मले काई नाई होत, लिहा तुमी." मग लिहायला बसलो.

त्या डिसेंबरात दादा पोतं घेऊन बसमधून उतरला. काकूनं चहा दिला तर कप दोन्ही हातांनी धरला, तरी बशीत सांडला. उजवा हात. वर्ध्याला डॉक्टरला दाखवलं, कंपवात सांगितला. तो त्याला आधीच ठाऊक होता, मुंबईत दाखवून झालं होतं. मला म्हणाला, "वासुदेवा, हात आता माह्यं आयकत नाई. गुंजनले सांगशीन तं याद राख." मी म्हटलं, लेक आहे तुझी, तिला नाही तर कोणाला सांगायचं? तर म्हणे, "तिच्या डोक्यात माह्या जुना हात हाय. तोच राहू दे. मी मेल्यावरही सांगू नको." फार हट्टी होता. तू कोणावर गेलीस ते वेगळं सांगायला नको.

आठ दिवस ओसरीत बसून होता. मग एका सकाळी तोडा चालू असताना माकडं आली, मी डबा बडवायला धावलो, तर हा मागून थाळी घेऊन आला. स्वतः फांदी निवडली. स्वतः बांधली. वांग्यांचं लाकडी क्रेट पालथं घालून त्यावर बसला आणि वाजवायला लागला. माकडं गेली. मी म्हटलं, "गेले ना माकडं, आता बस कर." तर म्हणे, "आता तं सुरू झालं."

तेव्हापासून रोज. नोव्हेंबरात यायचा, फेब्रुवारीत जायचा. तुझा फोन आला की मुंबईतच आहे म्हणायचा. सकाळी आठपासून बायांच्या न्याहारीपर्यंत. भेग त्याच्याच हातानं गेली, तिसऱ्या हिवाळ्यात. हात भलत्या जागी पडला. मला वाटलं रडेल. त्यानं भेगेवर बोट फिरवलं आणि भेगेपाशी वाजवून पाहिलं, मग तिथंही वाजवत राहिला.

कसं वाजवायचा ते मला विचारू नको. मला काय ऐकू येतं? मी बांधावरून पाहायचो. मध्येच थांबायचा, मी ओरडायचो, "थांबला काऊन? येतीन ना माकडं!" तो हात वर करायचा, म्हणजे गप बस. मी आपला त्याला माकडं हाकलणाराच समजत होतो. पण वादनाकडे त्याची पाठ नव्हती. त्याचं तोंड आमच्याकडे होतं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि एवढं तू छाप.

वासुदेव

*

आंजी (मोठी), १० जानेवारी २०२५

गुंजन,

माझ्या पत्राला चौदा दिवस झाले. पुण्याहून आंजीला पत्र चार दिवसांत येतं, पाच धर. याचा अर्थ तू लिहीत नाहीस. रडत असशील तर रड, पण एक कार्ड टाक. काकू रोज विचारते आणि माझं डोकं खाते.

तुझा पीयूष येऊन गेला. येऊन गेला म्हणजे, अर्ध्या दिवसासाठी आला आणि पाच दिवस राहिला.

आल्या आल्या बोरीखाली गेला, थाळीला हात जोडले, खिशातून काड्या काढल्या आणि वाजवायला लागला. हात इतका झपझप चालत होता की मला दिसेना. मनात म्हटलं, वा, शिकवलंय दादानं. इकडं बघतो तर दोघी बाया तोडायच्या थांबून कमरेवर हात ठेवून उभ्या. वाजवून झालं तशी मनकर्णाबाई पुढं आली. पुढचं बोलणं पीयूषनं मला कागदावर लिहून दिलं, कारण मी सारखा "काय म्हणाली? काय म्हणाली?" करत होतो.

मनकर्णाबाई म्हणाली, "पोरगं चांगलं हाय जी, पन चुकून राह्यलं."

पीयूष म्हणाला, "आजी, सरांच्या रेकॉर्डवर हे असंच आहे. एकेक ठोका मोजलाय मी."

"रेकाडवर आसन. इथं भाऊ थांबत."

"कुठं थांबत?"

"तीन ठोके झाले का थांबत. दोन वांगे तोडून टोपल्यात पडेपरेंत. मंग एक."

शकुंतलाबाई म्हणाली, "अन् तो एक लई हळू. आमी वाट पाहो त्याची. तो आल्याबिगर तिसऱ्या वांग्याले हात नाई लावो."

पोराचा चेहरा पडला. तिथंच क्रेटवर बसला. मग मला लिहून दिलं, तेच तुला उतरवून देतो: "सरांचा हात थरथरायला लागला की ते तो शांत होईपर्यंत थांबत असणार. आणि पुढं त्यांनी ते थांबणंच वादनात घेतलं. हे नवीन आहे, ताईकडे नाही, कुठल्याच टेपवर नाही. हे फक्त या दोघींना माहीत आहे."

मग साहेबांनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि दोघींच्या मध्ये उभं राहून पाच दिवस वांगी तोडली. दोन वांग्यांचा वेळ हातात बसल्याशिवाय जाणार नाही म्हणे. देठाचे काटे लागून बोटं सुजवून घेतली. मनकर्णाबाई त्याला उठता-बसता रागावत होती, "लवकर आला, परत कर." शेवटच्या दिवशी ती काहीच बोलली नाही, तोडत राहिली. तेव्हा त्यानं थाळी उतरवली.

थाळी गेली. माकडांनी एका दिवसात चार ओळी नासवल्या. बाया म्हणतात सुनं वाटते. मी कोणाकोणाचं ऐकू?

वासुदेव

*

पुणे, २१ फेब्रुवारी २०२५

काकाजी,

तुमच्या दोन पत्रांना हे एक उत्तर. सत्तावीस डिसेंबरच्या पत्राला मी सहा वेळा उत्तर लिहायला घेतलं. तुमच्यावर इतकी चिडले होते, बाबांवर त्याहून जास्त. माझ्या डोक्यात जुना हात राहावा म्हणे! मला कोणता हात हवा ते मला विचारायचं होतं ना. मी तो हात धरला असता. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात त्यांच्या हाताला सलाईन होतं, हात कापायचा तो मी अशक्तपणा समजले, आणि दुसऱ्या बाजूला बसून मोबाईल बघत होते. हे कोणाला सांगू?

कार्यक्रमाला तुम्ही आला नाहीत. "माकडं आहेत आणि मी येऊन काय ऐकणार" हा तुमचा निरोप काकूंनी दिला. तुमच्या तोड्याच्या दोघी मात्र आल्या. पहिल्या रांगेत बसवलं त्यांना. शेवटचा परिच्छेद काढून टाकला आणि तिथं लिहिलं की शेवटची चार वर्षं हेमराज बारंगे आंजीत वाजवत होते, आणि ते कसं वाजवत हे मनकर्णाबाई आणि शकुंतलाबाई यांच्याकडून शिकून पीयूष वाजवणार आहे.

पीयूषनं तीन ठोके दिले आणि थांबला. मागच्या रांगांना वाटलं संपलं, टाळ्या सुरू झाल्या. मनकर्णाबाई उभ्या राहून मागं वळल्या, "थांबा जी! झालं नाई आजून!" टाळ्या थांबल्या. मग तो एक आला, भेगेजवळचा. शेजारी बसलेले ते म्हातारे सॅक्सोफोनवाले डोळे मिटून म्हणाले, "हे कधी केलं यानं?" आणि मला त्या वेळी स्टुडिओ आठवला.

दुसऱ्या दिवशी त्या स्टुडिओच्या माणसाला शोधून काढलं. पाच वर्षं झाली, म्हटलं पुसलं असेल. त्यानं ठेवलं होतं. एकूण अकरा सेकंद. तीन ठोके. मग शांत. चौथ्या सेकंदाला माझा आवाज, "बाबा, काय झालं?" आणि सहाव्या सेकंदाला, मी "वाजवा ना" म्हणतेय त्याच्या खाली, एक ठोका आहे. अगदी हळू. बटण दाबलेलं असलं की आतलं आम्हाला ऐकू येत नाही, म्हणून तो मला कधी ऐकूच आला नव्हता. ते वाजवत होते, काकाजी. मी त्यांना सहा सेकंद दिले नाहीत.

तो माणूस म्हणाला, मॅडम, तुमचा आवाज काढून टाकता येईल. मी नको म्हटलं.

ती फाईल काकूंच्या मोबाईलवर पाठवली आहे. मनकर्णाबाईंना ऐकवा आणि त्या काय म्हणतात ते मला जसंच्या तसं कळवा. मला बरं वाटावं म्हणून काही घालू नका. सिंबल पीयूष पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे आणून देईल. ते बोरीलाच राहू दे.

गुंजन

*

आंजी (मोठी), ३ मार्च २०२५

गुंजन,

जसंच्या तसं कळवतो.

काकूनं मोबाईल वावरात आणला. मनकर्णाबाईनं तो कानाला लावून तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना दुसरा हात झाडावर होता, तोडत होती. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बराबर हाय. दोन वांगे." शकुंतलाबाईनं ऐकलं, तीही म्हणाली बराबर. मी मोठ्यानं विचारलं, पोरगी मधात बोलली त्याचं काय? तर मनकर्णाबाई म्हणाली, "बोल्ली तं बोल्ली. आमी का तोंड शिवून तोडो? भाऊ आमच्या बोलन्यातच वाजवत. इथंही ते आपल्या टायमावरच आले. वाजवनं झालतं त्यायचं." एवढंच म्हणाली. पीयूषला पाच दिवस तोंडावर चूक सांगणारी बाई आहे, तुझं मन राखायला खोटं बोलणार नाही.

तरी मी हुज्जत घातली. म्हटलं, तुम्ही दोघी काय दोन वांगे, दोन वांगे लावलं आहे, तीन ठोक्यांत आणि एका ठोक्यात एवढं आहे तरी काय? मनकर्णाबाई माझ्यावर वैतागली. क्रेट पालथं केलं, मला त्यावर दोन्ही तळहात टेकवायला लावले आणि दुसऱ्या बाजूनं बोटानं वाजवलं. तीन ठोके लाकडातून हातात आले. मग काही नाही. मी सवयीनं तोंड उघडलं, "थांबली काऊन?" म्हणणारच होतो. शकुंतलाबाईनं डोळे वटारले, तसा गप बसलो. वाट पाहिली. मग एक आला, इतका हलका की तळहाताला जेमतेम कळला.

गुंजन, सत्तर वर्षं त्याच्याबरोबर काढली, चार हिवाळे बांधावर उभा राहून त्याच्यावर ओरडलो, आणि दादा काय वाजवायचा हे मला परवा कळलं. मी तिथंच क्रेटवर डोकं टेकून रडलो. दोघी थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग टोपली उचलून पुढच्या ओळीला गेल्या.

वासुदेव